कॅराव्हॅन ओढायला कोणती गाडी घ्यावी? (मुंबईहून, घाट धरून)

मुलुंडकर_निवांत
मंडळी, नमस्कार. निवृत्तीनंतर आम्हा दोघांचा, आणि सुट्टीत नातवंडांसह, फिरण्याचा बेत आहे. मोटारहोम नको, कारण मुक्कामी पोचल्यावर मासळी आणायला जायचं तरी अख्खं घर हलवावं लागतं. म्हणून मागे जोडायची छोटी कॅराव्हॅन बघतोय. एका फॅब्रिकेटरने १४ फुटी बॉडी, एकच अ‍ॅक्सल, रिकामं वजन ९०० किलो असं सांगितलंय. दोन पलंग, छोटा ओटा, ६० लिटरची टाकी, एसी. त्याच्या मते "साहेब, कुठलीही डिझेल गाडी आरामात खेचेल."
सध्या पेट्रोल ब्रेझा आहे. ती विकून मोठी गाडी घ्यायची तयारी आहे. डोक्यात हॅरियर, क्रिस्टा, स्कॉर्पिओ-एन आणि इसुझूची व्ही-क्रॉस. रस्ते बहुतेक एक्स्प्रेसवे, ताम्हिणी, गोवा हायवे. कोणती घ्यावी? आणि ओढताना काय काय सांभाळायचं? मागे काही जोडून मी कधी चालवलेलं नाही.

खवचट_दादरकर
एवढ्या पैशांत आयुष्यभर एमटीडीसीत राहाल. बसलोय पॉपकॉर्न घेऊन.

खलाशी
निवांतकाका, आमचा धंदा बोटी हलवायचा, ट्रेलर रोजचाच. फॅब्रिकेटर म्हणतो ते एका अर्थी खरं आहे. सपाट रस्त्यावर ९०० किलो कुठलीही डिझेल गाडी खेचेल. खरा प्रश्न ते वजन खंडाळ्याच्या उतारावर थांबेल का आणि ८० च्या वेगात सरळ राहील का, हा आहे. त्याचं उत्तर हॉर्सपॉवरमध्ये सापडत नाही.
गाडीचं नंतर बघू. आधी तीन गोष्टी विचारून या. कॅराव्हॅनला स्वतःचे ब्रेक आहेत का? हिच (गाडीला जोडायचा सांधा) कसली आहे, ५० मिलिमीटरचा बॉल की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसारखी पिन? आणि भरल्यावर वजन किती? रिकाम्याचा आकडा विसरा, रिकामी कॅराव्हॅन घेऊन कोणी फिरायला जात नाही.
पिनवाली हिच असेल तर तिथूनच मागे फिरा. पिन आणि भोक यांच्यात सैलपणा असतो. शेतावर २० च्या वेगात तो चालून जातो, हायवेवर प्रत्येक ब्रेकला मागून धक्का बसतो आणि वेल्डिंगला थकवा येतो.

सुगरण_प्रवासी
६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो तिथेच झाले. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी टाकणार असाल तर ती एकटीच पन्नासच्या वर जाते. घरगुती १४.२ किलोचा सिलेंडर लोखंडासकट तीस किलोच्या आसपास. शिवाय गाद्या, भांडी, कुकर, दहा किलोची तांदळाची पिशवी (आमच्याकडे ही येतेच), खुर्च्या, तंबूचं छत. बघता बघता दोनशे किलो होतात.
पाणी मुक्कामी भरा, घरून ओढत नेऊ नका. सिलेंडर पाच किलोचा घ्या आणि गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद. आत गॅस चालू ठेवून एक्स्प्रेसवेच्या बोगद्यात शिरणं ही कल्पनाच नको.

यंत्रवेडा
सामान किती यापेक्षा ते कुठे ठेवलंय यावर जास्त अवलंबून असतं. जड वस्तू अ‍ॅक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, आणि तळाशी. वरच्या कपाटात फक्त चिवडा आणि टॉवेल. मागच्या टोकाला जड काही ठेवलं की कॅराव्हॅन शेपूट हलवायला लागते.
हिचवर खाली किती भार येतो त्याला नोज वेट म्हणतात. युरोपातल्या पद्धतीप्रमाणे तो भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के ठेवतात, अमेरिकेत १० ते १५. म्हणजे तुमची १२०० किलो भरली तर युरोपीय हिशोबाने ६० ते ८४ किलो.
हा भार गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलवर जसाच्या तसा येत नाही, वाढून येतो. दोन्ही अ‍ॅक्सलमधलं अंतर २.७५ मीटर आणि बॉल मागच्या अ‍ॅक्सलपासून १.२ मीटर मागे धरा. हिचवर ८० किलो टेकले की मागच्या अ‍ॅक्सलवर ११५ येतात आणि पुढच्या चाकांवरचे ३५ उचलले जातात. पुढची चाकं हलकी म्हणजे स्टिअरिंग हलकं, आणि पुढच्या चाकांनी चालणारी गाडी असेल तर पकडही कमी. त्यात मागे नातवंडं आणि डिकीत सामान. म्हणून गाडीच्या पेलोडचा (गाडी एकूण किती भार पेलते त्याचा) हिशोब नोज वेट धरूनच करायचा.
मोजणं सोपं आहे. जागा सपाट हवी, हिच गाडीच्या बॉलच्याच उंचीला हवी. हिचखाली लाकडाचा उभा तुकडा, त्याखाली घरातला वजनकाटा, मग जॉकी व्हील (कॅराव्हॅनच्या नाकाखालचं वरखाली होणारं छोटं चाक) हळूहळू वर घ्यायचं.

लेस्टरवासी
इथे ब्रिटनमध्ये नवख्यांना सांगतात की कॅराव्हॅनचं कमाल भरलेलं वजन गाडीच्या कर्ब वेटच्या (रिकाम्या गाडीच्या वजनाच्या) ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. सराव झाल्यावर १०० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे नाही. हा कायदा नाही, सल्ला आहे, पण कॅराव्हॅनवाले तो पाळतात. तुमची १२०० भरली तर गाडी किमान १४०० किलोची हवी, १३०० भरली तर १५३० ची. ब्रेझा इथेच बाद.
वेगाचं सांगायचं तर कॅराव्हॅन जोडलेल्या गाडीला इथे मोटरवेवर ६० मैलांची, म्हणजे साधारण ९६ किलोमीटरची मर्यादा आहे, साध्या गाड्यांना ७० मैल. तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर सगळ्यात उजव्या लेनमध्ये जायचं नाही. जर्मनीत तर साधारणपणे ८० किलोमीटरच, १०० साठी वेगळी मंजुरी लागते.
आणि धावत्या कॅराव्हॅनमध्ये माणूस बसवायचा नाही. नातवंडं म्हणतील "आम्ही मागे झोपतो". झोपू देऊ नका.

हॅरियरवाला_ठाणे
म्हणजे आता फक्त लॅडर फ्रेमवाल्यांनीच (शिडीसारख्या वेगळ्या चासिसवर बॉडी बसवलेल्या गाड्यांनी) जगायचं का? हॅरियरचं डिझेल १७० पीएस आणि ३५० एनएम आहे. क्रिस्टापेक्षा जास्तच. तरी सगळे क्रिस्टाच सुचवणार, बघा.

खलाशी
भाऊ, राग नको. ताकद कमी म्हणालोच नाही. क्रिस्टा, स्कॉर्पिओ-एन आणि व्ही-क्रॉस मागच्या चाकांनी ढकलतात. हिचचा भार नेमका त्याच चाकांवर पडतो, म्हणजे पकड वाढते. हॅरियरच्या डिझेलला ओढतात पुढची चाकं, जी आपण हलकी करतोय. जुलैत ओल्या घाटात ट्रकमागे थांबून चढावर पुन्हा निघायचं असेल तेव्हा फरक समजतो. शिवाय टो बार (गाडीच्या मागे बॉल बसवायचा दांडा) चासिसला बोल्ट करायला लॅडर फ्रेम सोपी पडते. आपल्याकडे गाडीच्या कंपनीचा टो बार सहज मिळत नाही, बाहेरून बनवावा लागतो, आणि मोनोकॉक (वेगळी चासिस नसलेल्या) बॉडीला कुठे भोक पाडायचं ते प्रत्येकाला कळत नाही.

लेस्टरवासी
इथे थोडा असहमत. युरोपात लाखो कॅराव्हॅन पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोनोकॉक गाड्यांच्याच मागे धावतात. गाडीच्या कंपनीने ओढायचं वजन लिहून दिलेलं असतं, टो बार त्याच गाडीसाठी तपासलेला असतो, आणि स्टॅबिलिटी कंट्रोलमध्ये ट्रेलरची सोय असते. त्यामुळे फ्रेमवरून निकाल लावू नका. मॅन्युअल काय म्हणतं ते आधी.

यंत्रवेडा
मान्य. आणि अडचण तिथेच आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलरचं पान तरी नसतं, नाहीतर "ट्रेलर ओढू नये" असं एक वाक्य असतं. मग लोक परदेशातला आकडा शोधून आणतात. ऑस्ट्रेलियात इसुझू डी-मॅक्सच्या ३.० लिटर इंजिनाला ब्रेकवाल्या ट्रेलरसाठी ३५०० किलो दिलेत, पण आपली व्ही-क्रॉस १.९ लिटरची. इंजिन वेगळं, कूलिंग वेगळं, गिअर वेगळे. तो आकडा इथे लावता येत नाही.
म्हणून डीलरकडे टेस्ट ड्राइव्ह मागण्याआधी मॅन्युअल मागा. "ओढू नये" लिहिलेलं असेल तर ती गाडी यादीतून काढा, मग ती कितीही आवडो. उद्या क्लच जळला किंवा अपघात झाला तर वॉरंटीवाले आणि विमावाले तेच पान पुढे करतील. पान नसेल तर कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

मुलुंडकर_निवांत
आज फॅब्रिकेटरकडे गेलो होतो. ब्रेक विचारले तर म्हणाला, "गाडीचे ब्रेक पुरतात, एवढी हलकी आहे." तसलीच एक तयार कॅराव्हॅन उभी होती, तीच कळंबोलीच्या वजनकाट्यावर न्यायला लावली. तो नाखूश होता, पण दोघं सोबत गेलो. रिकामी १०८० किलो भरली. पावती माझ्याकडे आहे. म्हणतो एसीचा स्टँड आणि प्लायवूड धरलं नव्हतं.

खलाशी
१८० किलोचा फरक म्हणजे तीन माणसं. काका, पावती जपून ठेवा.
आता सुगरणताईंचे दोनशे धरले तर तुमची जवळजवळ १३०० होते. बिनब्रेकचा ट्रेलर युरोपात आणि ऑस्ट्रेलियातही ७५० किलोपर्यंतच चालतो, त्यापुढे त्याला स्वतःचे ब्रेक लागतातच. हे वजन बिनब्रेकचं घाटातून आणू नका, आपल्याकडे कोणी विचारो ना विचारो.

यंत्रवेडा
छोट्या कॅराव्हॅनला बहुतेक ओव्हररन ब्रेक असतात. तुम्ही गाडीचा ब्रेक दाबला की मागून कॅराव्हॅन पुढे रेटते, हिचमधला दांडा आत सरकतो आणि तोच तिचे ड्रम ब्रेक ओढतो. वायरिंग नाही, कंट्रोलर नाही. रिव्हर्स घेताना दांडा असाच दाबला जातो, म्हणून रिव्हर्सला ब्रेक आपोआप सुटणारी जात घ्या, नाहीतर चढावर मागे घेताच येणार नाही.
सोबत ब्रेकअवे केबल हवीच. हिच सुटली तर ही पातळ तार कॅराव्हॅनचा हँडब्रेक ओढते आणि मग तुटते. ती बॉलच्या गळ्यात नुसती अडकवू नका, टो बारला तिच्यासाठी वेगळी कडी हवी. तिला ढील द्या, पण रस्त्याला घासेल इतकी नको.
घाटाचा हिशोब सांगतो. गाडी आणि कॅराव्हॅन मिळून ३००० किलो, खंडाळा ते खोपोली उतार साधारण ५०० मीटरचा. ही ऊर्जा जवळजवळ चार युनिट विजेइतकी होते. ती सगळी ब्रेकमध्ये ओतली तर पॅड तापून सुन्न होतात. इंजिनाने रोखलं तर ती रेडिएटर आणि सायलेन्सरमधून निघून जाते.

घाटरस्ता_एसटी
जुना नियम आहे. ज्या गिअरात चढतो त्याच गिअरात उतरायचं. आणि तो गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा, वेग वाढल्यावर नाही. ब्रेक पाय ठेवून घासत राहायचा नाही. दाबायचा, वेग खाली आणायचा, सोडायचा. चालत्या गाडीत जळक्या पॅडचा वास आला तर पुढच्या सुरक्षित जागी थांबा आणि थंड होऊ द्या, गरम ड्रमवर पाणी ओतू नका.
घाटात डावी लेन धरा. मागे रांग लागली म्हणून लाजायचं नाही, जागा दिसली की बाजूला घेऊन सोडून द्यायची.

हॅरियरवाला_ठाणे
ऑटोमॅटिक चालेल का? काकांचं वय धरता मी तीच सुचवेन.

यंत्रवेडा
टॉर्क कन्व्हर्टर असेल तर उत्तम. चढावर हळू निघताना जोर द्रवावर पडतो, क्लच जळायचा प्रश्न नाही. फक्त उतारावर मॅन्युअल मोडमध्ये गिअर धरून ठेवायचा. ड्युअल क्लच गिअरबॉक्स मात्र चढावरच्या ट्रॅफिकमध्ये वजन मागे असताना लवकर तापतो.
इलेक्ट्रिकचं कोणी विचारायच्या आधी सांगतो. उंच कॅराव्हॅन मागे असली की रेंज साधारण निम्म्यावर येते. चार्जिंगच्या जागी कॅराव्हॅन सोडून ठेवावी लागते ती वेगळीच.

सुगरण_प्रवासी
मला भीती वाटते ती डुलण्याची. परदेशातले व्हिडिओ बघितलेत, डोलत डोलत सगळं उलटतं. त्यावर कोणी बोला की.

लेस्टरवासी
ताई, त्याला इथे स्नेकिंग म्हणतात. बहुतेक वेळा कारण निघण्याआधीच घडलेलं असतं. नोज वेट कमी, मागे जड सामान, टायरमध्ये हवा कमी किंवा कॅराव्हॅनचं नाक वर. मग उतार आणि वेग यांनी ते पेटतं. बाजूने व्हॉल्व्हो सुसाट गेली की ती आधी ढकलते, मग ओढते. तेवढं पुरतं.
सुरू झालंच तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा. डोलण्याच्या उलट स्टिअरिंग फिरवून पकडायला जाऊ नका, तुमचा हात नेहमी एक झोका उशिरा पडतो आणि डोलणं वाढतं. ब्रेकवर जोरात पाय द्यायचा नाही. आणि वेग वाढवून "ओढून सरळ करतो" असं जे सांगतात त्यांचं ऐकू नका. शांत झाल्यावर बाजूला थांबून सामान पुन्हा लावा.
वेगाचं गणित कडक आहे. ८० वरून १०० वर गेलात तर वेग २५ टक्के वाढतो, पण अंगातली ऊर्जा ५६ टक्के. आणि डोलणं एका वेगानंतर आपोआप विरत नाही, वाढतच जातं.

खवचट_दादरकर
अटल सेतूवरून नेणार का? तिथे माझी साधी वॅगन-आर वाऱ्याने हलते.

खलाशी
खोचक असलं तरी कामाचं विचारलंत. २१.८ किलोमीटरचा पूल, त्यातला बहुतेक समुद्रावर, आडोसा नाही. १०० ची परवानगी असली तरी ती गाडीला आहे, तुमच्या मागच्या सपाट भिंतीला वारा वेगळाच दिसतो. पावसाळी वाऱ्याच्या दिवशी मी बोटीसुद्धा वाशीमार्गे नेतो. तुम्ही मुलुंडचे, तुम्हाला ऐरोली पुलाने जायचं, सेतूची गरजच नाही.

वकील_ताई
कागदपत्रांचं राहिलं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत 'मोटार वाहन' या शब्दात ट्रेलरही येतो. म्हणजे कॅराव्हॅनची वेगळी नोंदणी, वेगळा नंबर, वेगळा विमा. "गाडीचाच नंबर मागे रंगवून देतो" असं फॅब्रिकेटर म्हणाला तर उठून या. ट्रेलरच्या मंजूर डिझाइनचं प्रमाणपत्र आधी मागा, अ‍ॅडव्हान्स नंतर. आणि त्याच कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीत मनाला येईल तो बदल करता येत नाही, म्हणून टो बार बसवण्याआधी आरटीओतून लेखी घ्या.
नुसतं फिरायचंच असेल तर राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलंय, भाड्याने मोटारहोम मिळतात. एक सहल तशी करून बघायला हरकत नाही.

मुलुंडकर_निवांत
सगळ्यांचे आभार. सौ. म्हणते ताईंचा शेवटचा परिच्छेद आधी करून बघू, आणि मला ते पटतंय. पण कॅराव्हॅनचा नाद सुटलेला नाही. दुसऱ्या एका बनवणाऱ्याशी बोललो. तो ओव्हररन ब्रेक आणि ५० चा बॉल देतो, वजनकाट्याची पावती देईन म्हणतो, नोंदणीची जबाबदारी लेखी घेतो. भरून १२५० च्या आत बसवतो, एसी मात्र काढावा लागेल. गाडी क्रिस्टा की स्कॉर्पिओ-एन ऑटोमॅटिक यावर घरात दोन पक्ष आहेत. दोन्ही कंपन्यांना ईमेल टाकलेत. व्ही-क्रॉस गळाली, सव्वापाच मीटरच्या वरची गाडी आमच्या सोसायटीच्या स्टॅक पार्किंगमध्ये बसत नाही.

खवचट_दादरकर
आणि कॅराव्हॅन सोसायटीत कुठे लावणार? सेक्रेटरीच्या डोक्यावर?

मुलुंडकर_निवांत
नेरळला मेहुण्याची जागा आहे. तिथून जोडायची, तिथेच सोडायची. मुलुंडच्या ट्रॅफिकमध्ये आणायचीच नाही.

खलाशी
हे सगळ्यात शहाणपणाचं. नेरळला ठेवाल तेव्हा हँडब्रेक ओढून महिनोन्‌महिने ठेवू नका. पावसाळ्याच्या दमटीत ब्रेकचे शू ड्रमला चिकटून बसतात. चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा आणि हँडब्रेक मोकळा. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ट्रेलरचे टायर झिजायच्या आधी उन्हाने तडकतात, त्यामुळे नक्षी बघून फसू नका.
रिव्हर्सचा सराव मेहुण्याच्याच जागेत करा. हात स्टिअरिंगच्या तळाला धरायचा. कॅराव्हॅनचं ढुंगण डावीकडे न्यायचं तर हात डावीकडे. आणि काकूंना मागे उभं करा, पण आरशात दिसतील अशा जागी. दिसत नसतील तर थांबायचं.

यंत्रवेडा
दिव्यांच्या वायरी गाडीच्या वायरी सोलून जोडू देऊ नका, रिले असलेलं वेगळं मॉड्यूल बसवा. नव्या गाड्यांचा कंट्रोल युनिट बल्बचा भार बदलला की इंडिकेटर भराभर मिचकावतो आणि एरर देतो.

सुगरण_प्रवासी
निघण्याआधी तपासायचं काही राहतं का?

खलाशी
हिच बसली की जॉकी व्हीलने नाक वर उचलून बघायचं, गाडीचं बूड सोबत उचललं गेलं पाहिजे. उचललं नाही तर बॉल नीट पकडलेला नाही. मग जॉकी व्हील पूर्ण वर घेऊन आवळायचं, केबल, दिवे, दार, खिडक्या, छताचं झाकण. नवीन चाक बसवलेलं असेल तर पन्नासेक किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळायचे. नेरळहून निघालात तर खोपोलीच्या आधीच आवळून घ्या, घाट चढायला लागल्यावर थांबायला जागा मिळत नाही.